राजमुकुटापासून मोकळी झालेली वेदी : बेळगाव धर्मप्रांताची वाटचाल

पुणे-बेंगळुरू महामार्गाने निपाणी मागे टाकून कोल्हापूरकडे निघाले की कोगनोळीपाशी कर्नाटकाची हद्द संपते आणि कागल तालुका लागतो. राज्य बदलल्याची खूण प्रवाशाला दिसते. त्याच टप्प्यावर आणखी एक सीमा ओलांडली जाते आणि तिची पाटी मात्र कुठेच नाही. निपाणी बेळगावच्या कॅथलिक धर्मप्रांतात मोडते. पलीकडचे कागल-कोल्हापूर २००५ साली स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येते. रविवारी दोन्हीकडे पवित्र मिस्सा होते. बायबलमधली वाचने तीच, प्रार्थनांचा क्रम तोच आणि उपासनेचा काळही तोच असतो. मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत धर्मगुरू दोन नावे घेतात. पहिले पोपचे, दुसरे त्या धर्मप्रांताच्या बिशपचे. पहिले नाव साऱ्या जगात एकच आहे. दुसरे नाव कोगनोळी ओलांडली की बदलते.

या दोन नावांत कॅथलिक धर्माधिकाराची सारी रचना सामावली आहे. बिशप आपल्या प्रांताचा मेंढपाळ आणि पोप साऱ्या मेंढपाळांना एकत्र बांधणारा, अशी ही श्रद्धा आहे. आज ती नावे सहज उच्चारली जातात. पण बेळगावच्या मातीत, मधे कोणत्याही राजाचा हक्क न येता, ती अशी उच्चारता यावीत यासाठी तीन शतकांहून अधिक काळ जावा लागला. आधुनिक काळ आला की जुन्या धर्मसत्ता ढासळतात, असे आपण सर्रास ऐकतो. बेळगावचा इतिहास निराळे सांगतो. परंपरेने ज्याला अधिकार मानले, तो अधिकार या भागात आधुनिक काळातच आपल्या मूळ रूपात उभा राहिला.

आदिलशाहीसाठी नेमलेला बिशप

सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांबरोबर लॅटिन परंपरेचा कॅथलिक धर्म गोव्यात रुजला, तो एका करारासह. पूर्वेकडे चर्च उभारायची, धर्मगुरूंचा खर्च सोसायचा आणि मोबदल्यात बिशपांची नावे सुचवायचा हक्क पोर्तुगालच्या राजाने राखायचा, अशी ती व्यवस्था होती. तिला पाद्रोआदो म्हणत. गोव्याचे आर्चबिशप त्यामुळे पोपचे होते आणि लिस्बनच्या दरबाराचेही होते. मिशनकार्य राजांच्या हातातून आपल्याकडे घ्यावे या हेतूने रोमने १६२२ साली प्रोपगंडा फिदे नावाचे स्वतंत्र खाते उघडले. पुढच्या तीन शतकांचा ताण या दोन व्यवस्थांमधला आहे.

त्या ताणात पहिला उभा राहिला तो दिवाडी बेटावरच्या महाले घराण्यातला एक गोवेकर, मातेउश द कास्त्रो. गोव्यात धर्मगुरूपदाची वाट बंद झाली, तेव्हा तो इराणमार्गे खुष्कीने रोमला पोहोचला. तिथे शिकला आणि तिथेच त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. १६३७ साली पोपने त्याला ख्रिसोपोलिस या नामशेष झालेल्या प्राचीन नगराचा बिशप केले आणि विजापूरच्या आदिलशाही मुलखाचा व्हिकर अपोस्तोलिक नेमले. अशा पदावरचा बिशप थेट पोपच्या नावाने कारभार पाहतो आणि त्याच्यावर कोणा राजाचा नेमणुकीचा हक्क चालत नाही. लॅटिन परंपरेतला पहिला भारतीय बिशप म्हणून मातेउशचे नाव घेतले जाते.

बेळगाव तेव्हा आदिलशाहीत होते. म्हणजे बेळगावात बिशपची गादी येण्याच्या तीनशेहून अधिक वर्षे आधी हा मुलूख रोमने एका भारतीय बिशपच्या हवाली केला होता. मातेउशने तळ ठोकला तो डिचोलीत. डिचोली आज गोव्यात असली तरी तेव्हा ती आदिलशाहीत होती आणि पोर्तुगीज अंमल नदीपलीकडे संपत होता. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याची पत्रे मानली नाहीत. त्यानेही गोव्यातल्या आपल्या ज्ञातिबांधवांना उद्देशून पोर्तुगीज सत्तेविरुद्ध खरमरीत लिहिले. त्याचा स्वभाव तापट होता आणि त्याची कारकीर्द वादांनी भरलेली राहिली. पण त्याने मांडलेला प्रश्न दडपता आला नाही. भारतातल्या चर्चचा मेंढपाळ कोण ठरवणार, श्रद्धेचा केंद्रबिंदू असलेले रोम की जहाजांचा मालक असलेला राजा?

एकाच मुलखात दोन अधिकार

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न सामान्य श्रद्धाळूच्या दाराशी आला. १८१८ साली बेळगाव इंग्रजांकडे गेले आणि पुढे तिथे मोठी लष्करी छावणी वसली. फौजेत आयरिश कॅथलिक शिपाई होते. त्यांना धर्मगुरू हवे होते. घाट चढून आलेली गोवेकर कुटुंबे होती आणि त्यांचे धर्मगुरू गोव्याच्या आर्चबिशपांना मानणारे होते. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे प्रोटेस्टंट मिशनरीही बेळगावात आले होते. १८५६ साली छावणी भागात जेसुइटांचे सेंट पॉल्स हायस्कूल सुरू झाले आणि त्या शाळेने बेळगावच्या सर्व धर्मांच्या पिढ्या घडवल्या.

१८३८ साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी आदेश काढून ब्रिटिश हिंदुस्थानातील पाद्रोआदोचा अधिकार मोठ्या प्रमाणात आटोक्यात आणला. गोव्याच्या पक्षाने तो आदेश खरा मानायलाच नकार दिला. ठिकठिकाणी एकाच वस्तीत दोन प्रकारचे धर्मगुरू दिसू लागले, काही गोव्याचे आणि काही रोमच्या व्हिकर अपोस्तोलिकचे. लग्न कोणी लावायचे, बाप्तिस्मा कोणाचा वैध आणि चर्चची जमीन कोणाची, असे तंटे सुरू झाले. मुंबई हे या वादाचे मोठे केंद्र होते आणि दख्खनलाही त्याची झळ लागली.

हा वाद धर्मतत्त्वांचा नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. दोन्ही बाजूंची मिस्सा एकच होती. सात संस्कार, जपमाळ आणि पोपविषयीची श्रद्धा यांतही फरक नव्हता. भांडण होते ते पोपचा अधिकार कोणाच्या हातून खाली यावा याचे. १८८६ साली पोप लिओ तेरावे आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला भारतातल्या धर्मप्रांतांची रीतसर रचना जाहीर झाली. गोव्याच्या आर्चबिशपांना ‘पूर्वेचे पॅट्रिआर्क’ ही सन्मानाची पदवी मिळाली आणि ती आजही गोव्याकडे आहे. पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मात्र ब्रिटिश मुलखातल्या गोव्याच्या अखत्यारीतील भागांवर पोर्तुगालची सावली आणखी काही दशके राहिली.

१९ सप्टेंबर १९५३

स्वतंत्र भारतात परकीय राज्याने बिशपांच्या नेमणुकीत शब्द टाकावा, हे टिकणार नव्हते. जुलै १९५० मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात नवा करार झाला आणि भारतीय संघराज्यातल्या धर्मप्रांतांवरचे आपले विशेष हक्क पोर्तुगालने सोडले. जानेवारी १९५३ मध्ये मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय कार्डिनल झाले. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला पोप पायस बारावे यांनी बेळगाव धर्मप्रांत स्थापन केला. गोव्याच्या आर्चडायोसिसचा जो भाग भारताच्या हद्दीत होता, त्यातून प्रामुख्याने तो घडला.

या तारखेचे महत्त्व आजूबाजूच्या तारखांमुळे कळते. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. म्हणजे पणजीत पोर्तुगीज झेंडा फडकत असताना, गोवामुक्तीच्या आठ वर्षे आधी रोमने बेळगावला गोव्यापासून वेगळे केले. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा बेळगाव आणि निपाणी मुंबई राज्यात होते. सीमाप्रश्नाने या भागाचे सार्वजनिक जीवन व्यापण्यापूर्वीच इथली धर्मप्रांताची चौकट ठरून गेली होती, आणि तिच्यात घाटमाथ्याबरोबर कारवारचा किनाराही होता. १९७६ साली कारवार वेगळा धर्मप्रांत झाला.

पहिले बिशप मायकल रॉड्रिग्ज. त्यांच्यानंतर इग्नेशियस लोबो यांनी १९६७ ते १९९४ असा दीर्घकाळ प्रांत सांभाळला. पुढे बर्नार्ड मोरास आणि पीटर मचाडो हे दोघे बेळगावचे बिशप असतानाच बेंगळुरूचे आर्चबिशप म्हणून निवडले गेले. २०१९ पासून डेरेक फर्नांडिस यांच्याकडे ही जबाबदारी आहे. यांपैकी एकाही नेमणुकीत कोणा राजाचा हात नव्हता. फातिमा मातेच्या नावाने उभ्या असलेल्या बेळगावच्या कॅथेड्रलमध्ये बिशपचे आसन आहे. त्या आसनावर कोणी बसावे हे लिस्बनने ठरवले नाही आणि दिल्लीनेही ठरवले नाही. मातेउश द कास्त्रोने सतराव्या शतकात जे मागितले होते, ते बेळगावात अशा रीतीने सिद्ध झाले.

वेदीवर लॅटिन, ओठांवर मराठी

नवा धर्मप्रांत जन्मला तेव्हा त्याची मिस्सा लॅटिनमध्ये होती. पोप पायस पाचवे यांनी १५७० साली प्रमाण केलेल्या मिस्सा-ग्रंथाचीच ती परंपरा होती. धर्मगुरू लोकांबरोबर एकाच दिशेला, वेदीकडे तोंड करून उभे राहत. मुख्य प्रार्थना अतिशय हळू आवाजात होई. ख्रिस्तप्रसाद गुडघे टेकून जिभेवर घेतला जाई. त्याआधी मध्यरात्रीपासून कडक उपास असे आणि पूर्वी तर पाणीही चालत नसे. १९५३ च्या जानेवारीत रोमने पाण्याची सूट दिली. १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आणि १९६४ मध्ये एका तासावर आला. बेळगाव धर्मप्रांताची पहिली अकरा वर्षे आणि ही सूट एकाच काळातली आहेत.

वेदीवर लॅटिन असले तरी लोकांच्या भक्तीची भाषा इथलीच होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेसुइट १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांत, मराठीत, बायबलची कथा सांगणारा हा ग्रंथ ज्ञानेश्वर-एकनाथांच्या काव्यपरंपरेचा हात धरून चालतो. पहिली छपाई रोमन लिपीत होती. सतराव्या शतकातच त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. तरीही पुराणाची हस्तलिखिते गोव्याबाहेर गेलेल्या कुटुंबांनी, विशेषतः कानडा किनाऱ्यावर, जपली. १९०७ साली मंगळूरला त्याची आवृत्ती निघाली आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते पुण्यात देवनागरीत आणले.

मिस्सा लॅटिन आणि पुराण मराठी, अशी ही दोन भाषांची उपासना साडेतीनशे वर्षे चालली. लॅटिनमुळे घाटमाथ्यावरचा शेतकरी आणि आयर्लंडचा शिपाई एकाच प्रार्थनेत उभे राहू शकत होते. मराठी-कोंकणीमुळे त्या प्रार्थनेचा अर्थ घरात मुरत होता. परंपरेचा विचार करताना या दोन्ही प्रवाहांना मान द्यायला हवा. केवळ लॅटिनलाच परंपरा म्हटले, तर ख्रिस्तपुराण ऐकत वाढलेल्या पिढ्यांचा वारसा आपण नाकारतो.

वेदी लोकांकडे वळते

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीवरचा आपला दस्तऐवज स्वीकारला. त्यात लॅटिन राखण्याचा आदेश होता आणि लोकभाषेला मोठी जागा देण्याची मुभाही होती. सुमारे वर्षभराने पोप पॉल सहावे मुंबईला आंतरराष्ट्रीय पवित्र मिस्सा संमेलनासाठी आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. मार्च १९६५ पासून लोकभाषेतल्या मिस्सेची सुरुवात जगभर झाली आणि १९६९ साली नवा मिस्सा-ग्रंथ जाहीर झाला. रविवारच्या वाचनांसाठी तीन वर्षांचे चक्र ठरले. आधी वर्षानुवर्षे तेच मोजके उतारे वाचले जात असत, आता बायबलचा फार मोठा भाग लोकांच्या कानी पडू लागला.

बेळगावसारख्या प्रांतात लोकभाषेची मुभा म्हणजे एक कठीण प्रश्न होता. लोकांची भाषा कोणती? घरात कोंकणी बोलणारे, मराठी शाळेत शिकलेले, कन्नड मातृभाषेचे आणि छावणीच्या परिसरात इंग्रजीत वाढलेले, असे सारे एकाच चर्चच्या छताखाली होते. बाहेर भाषेवरून मोर्चे निघत होते. चर्चने धरलेली वाट साधी आणि दूरदृष्टीची आहे. या प्रांतात कोंकणी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चारही भाषांत मिस्सा होते. वेदी एक आणि विधीही एक. भाषेने माणसे वेगळी होत असतील, पण ख्रिस्तप्रसादाने ती पुन्हा एक व्हावीत, हा विश्वास या व्यवस्थेच्या तळाशी आहे. सीमाभागाच्या अनुभवात याचे मोल फार मोठे आहे.

जुन्या लॅटिन मिस्सेची ओढ मात्र जगात अनेकांच्या मनात राहिली. तिची निःशब्दता, ग्रेगोरियन गायन आणि देवापुढची नम्रता यांत त्यांना पावित्र्याचा थेट स्पर्श होतो. ही ओढ प्रामाणिक आहे. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जुन्या विधीला मोकळीक दिली. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा आखडली आणि आपल्या प्रांतात हा विधी चालावा की नाही याचा निर्णय, रोमच्या सूचनांच्या चौकटीत, स्थानिक बिशपकडे दिला. म्हणजे हा प्रश्नही शेवटी मिस्सेतल्या त्या दोन नावांपाशीच येतो. विधी कितीही प्राचीन असो, पोप आणि बिशप यांच्याशी असलेले ऐक्य तोडून तो साजरा केला तर त्याचा गाभाच हरवतो, हे कॅथलिक श्रद्धेचे मूलभूत सूत्र आहे. आणि पोपही परंपरेचा मालक नसतो, तो तिचा राखणदार असतो, हे त्याच सूत्राचे दुसरे टोक आहे.

देशनूरचा विरक्त मठ

बेळगाव जिल्ह्यातले देशनूर गाव या साऱ्या चर्चेला एक विस्मयकारक उदाहरण पुरवते. इथे जेसुइट धर्मगुरूंचा मठ आहे, स्नानिक अरुळप्पा विरक्त मठ. बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचे हे कन्नड नाव. इथल्या धर्मगुरूंनी भगवी वस्त्रे आणि शाकाहार स्वीकारला. आजूबाजूच्या लिंगायत समाजाला ओळखीची असलेली विरक्त जीवनाची पद्धत त्यांनी आपलीशी केली. त्यांचे व्रत कॅथलिक आहे, मिस्सा कॅथलिक आहे आणि आज्ञापालन पोप व बिशप यांचेच आहे. राहणी मात्र या मातीतली आहे.

अशा प्रयोगांना रोमची चौकट होती. भारतातल्या बिशपांच्या विनंतीवरून १९६९ च्या एप्रिलमध्ये रोमने बारा मुद्द्यांना मान्यता दिली. पादत्राणे बाहेर काढणे, जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, समईचा दिवा आणि फुलांची, धुपाची व दिव्याची आरती यांचा त्यात समावेश होता. काही कॅथलिकांना हे बदल खटकले आणि काही हिंदू बांधवांनाही त्याबद्दल शंका वाटल्या. तरी फादर स्टीफन्स यांनी ओवीत जे केले, तेच देशनूरच्या संन्याशांनी राहणीत केले. बाहेरून आलेल्या श्रद्धेने स्थानिक रूप घ्यायचे ते गाभा न सोडता, ही या भागातली जुनी शिस्त आहे.

आजचा अधिकार आणि त्याच्या मर्यादा

१९८३ च्या धर्मसंहितेनुसार बिशपकडे आपल्या प्रांतापुरते कायदा करण्याचे, कारभाराचे आणि न्यायाचे असे तिन्ही अधिकार आहेत. त्याच संहितेने त्याला बांधूनही ठेवले आहे. दर पाच वर्षांनी रोमला अहवाल द्यावा लागतो. पंचाहत्तराव्या वर्षी राजीनामा सादर करावा लागतो. प्रांतातल्या लोकांसाठी रविवारी आणि सणांना मिस्सा अर्पण करणे हे त्याचे कर्तव्य आहे. हा अधिकार आहे आणि सेवेचे ओझेही आहे.

या अधिकारामागे आता कोणतीही तलवार नाही. पाद्रोआदोच्या काळात धर्मगुरूमागे गव्हर्नर उभा असे. आज बिशपच्या शब्दामागे केवळ श्रद्धा आणि संविधानाने दिलेले धर्मस्वातंत्र्य उभे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधात भरलेल्या अधिवेशनात कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले. त्याला विरोध करणाऱ्यांत बेळगावचे माजी बिशप, आर्चबिशप पीटर मचाडो अग्रभागी होते. त्यांनी मुख्यमंत्र्यांना आवाहन केले आणि नागरिक म्हणून सनदशीर मार्ग धरला. ज्या भागात एके काळी धर्माधिकार राजाच्या फर्मानावर चालत असे, तिथे आता तो लोकशाहीतल्या एका अल्पसंख्य समाजाच्या निष्ठेवर चालतो. माझ्या मते ही त्याची अधिक खरी कसोटी आहे.

वह्यांमधला सीमाभाग

या इतिहासाचा सर्वांत मौल्यवान साठा चर्चच्या कपाटांत आहे. सोळाव्या शतकातल्या त्रेंत परिषदेने बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले आणि आजची धर्मसंहिताही तेच सांगते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे नाव, आईवडील, साक्षीदार धर्ममातापिता, ठिकाण आणि तारीख येते. पुढे त्याच ओळीपाशी दृढीकरण आणि विवाह यांचीही टीप पडते. सामान्य माणसाचा जन्म इतक्या काळजीने नोंदवणारी कागदपत्रे सीमाभागात थोडीच सापडतील. कोणते कुटुंब कोणत्या गावाहून आले, आडनावे कशी बदलली, नोंदीची भाषा लॅटिन-पोर्तुगीजवरून इंग्रजी आणि देशी भाषांकडे केव्हा वळली, हे सारे त्या ओळींत वाचता येते.

सीमाभागाचा इतिहास आपण बहुतेक आयोग, ठराव आणि आंदोलने यांतून लिहिला. तो लिहायलाच हवा. पण बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यातला कॅथलिक समाज आपल्याला आणखी एक दफ्तर देऊ शकतो. त्यात माणसाची ओळख त्याच्या भाषेवरून किंवा राज्यावरून ठरवलेली नाही, ती त्याच्या नावावरून आणि त्याला मिळालेल्या संस्कारावरून ठेवली आहे. जुन्या वह्या वाळवी आणि ओल यांच्या तावडीत सापडण्याआधी त्यांच्या प्रतिमा काढणे, लॅटिन आणि पोर्तुगीज जाणणाऱ्यांकडून त्यांची सूची करून घेणे, आणि धर्मप्रांताच्या संमतीने मराठी व कन्नड अभ्यासकांनी ती एकत्र वाचणे, हे काम आजच्या पिढीला करता येण्यासारखे आहे. परंपरेवर प्रेम असलेल्या प्रत्येक धर्मग्रामाने त्याची सुरुवात स्वतःच्या कपाटापासून करावी.